पत्र्याखालची रांग

नांदेडहून निघताना विशाखानं कंबर कसली होती ती अशी, की आज मायला घेतल्याशिवाय परत यायचं नाही. लातूर येईपर्यंत बसमध्ये तिनं सगळी तयारी करून टाकली. कुठं गोडीत घ्यायचं, कुठं आवाज चढवायचा, आणि काहीच जमलं नाही तर कुठं डोळ्यांना पदर लावायचा. शाळेत वर्गच्या वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई ती; घरची एक म्हातारी तिला आवरणार नाही होय?

पण रिक्षातून उतरून बघते तर म्हातारीनं आधीच मैदान मारलेलं. घराला लागून असलेलं विनोदचं गॅरेज पार रिकामं झालं होतं. टायरं, जॅक, ऑइलचे डबे, गाड्यांची जुनी दारं, सगळं अंगणात येऊन पडलेलं. आणि त्या रिकाम्या फरशीच्या बरोब्बर मधोमध एक बाज, बाजेवर मांडी घालून माय. पांढरं लुगडं, नाकावर चष्मा, हातात शेंगा. शेंगा सोलणं चालू होतं.

"आली का गं?" मायनं मान वर न करता विचारलं. "तुला बी बोलावून घेतलं व्हय ह्यानं? आता फक्त तहसीलदार यायचा राहिला."

"माय, ऊठ की तिथून. किती धूळ आहे."

"धुळीला काय झालंय? तुझी पैली अंघोळ ह्याच धुळीत झालती."

विशाखानं भावाकडं बघितलं. विनोद दाराच्या चौकटीला हात टेकवून, कंबर एका अंगाला झुकवून उभा होता. गेलं वर्षभर तो असाच उभा राहायचा. "बघ," तो म्हणाला, "सकाळधरनं असं चालू हाय. सामान निघालं, माय निघंना."

गोष्ट तशी सरळ होती. ग्यानोबांच्या, म्हणजे बाबांच्या, मागं विनोदनं ह्या पत्र्याच्या शेडात गॅरेज चालवलं. शेडाच्या कडेला ट्रक चालवणाऱ्या बाबांनीच खणलेला एक लांबट खड्डा होता; वर गाडी उभी करायची आणि खाली उतरून काम करायचं. त्या खड्ड्यात वाकून वाकून विनोदच्या कंबरेचा पार भुगा झाला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, आता गाडीखाली शिरायचं नाही. एक तर गाडी वर न्या, नाहीतर धंदा बंद करा. तेव्हा विशाखानंच नांदेडात हुडकाहुडकी केली आणि बंद पडत असलेल्या एका वर्कशॉपची लिफ्ट मिळवून दिली. दोन पोलादी खांब, त्यांच्यामधे गाडी घ्यायची, बटण दाबलं की गाडी डोक्याच्या वर. विनोदनं उभ्यानं काम करायचं. किती छान!

पण त्या दोन खांबांवर सगळ्या गाडीचा भार, आणि खांबांचा भार जमिनीवर. म्हणून जुनी फरशी फोडायची, खड्डा मुरूम घालून दाबायचा, वर लोखंड बांधून जाडजूड काँक्रीट ओतायचं, त्याला महिनाभर पाणी मारायचं. पत्राही उचलून उंच न्यायचा, नाहीतर वर गेलेली गाडी छपराला धडकायची. विनोदची लेक लुंबिनी इंजिनिअरिंगला होती. तिनं टेप लावून सगळं मोजलं आणि खडूनं फरशीवर दोन चौकोन आखले. हा एक खांब, हा दुसरा खांब. आणि घोडं तिथंच पेंड खात होतं, कारण दोन चौकोनांच्या मधोमध आजीची बाज होती.

ती बाज काही आज रुसून टाकलेली नव्हती. भूकंप झाला तेव्हापासून माय ह्याच शेडात निजत होती. त्या वर्षी सगळं लातूर घराबाहेर झोपलं. पुढं जो तो हळूहळू आपापल्या छताखाली परतला. विनोद आणि विशाखाही आत गेली, बाबाही गेले. माय गेली नाही. थंडी असो, पाऊस असो, उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापो, तिची बाज शेडात. बाबा असताना तसं आणि बाबा गेल्यावरही तसंच. मायला स्लॅबची भीती बसलीय, असं घरातल्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. पाहुण्यांना तेच सांगायचे, विनोदचं लग्न जुळवताना सोयरे आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. नांदेडला विशाखाच्या फ्लॅटवर माय एकदाच आली. जेवली, चहा घेतला, आणि दिवस कलायच्या आत पिशवी उचलून निघाली.

"आजी, मी काय म्हणते ऐक," लुंबिनी बाजेच्या काठावर टेकली. "हा जुना पत्रा निघणारच आहे ना? तो आपण गच्चीवर टाकू. मस्त खोली करू तुला. म्हणजे तू स्लॅबच्या खाली नाही, स्लॅबच्या वर झोपशील! डोक्यावर नुसता पत्रा. हलला तरी काय होणार?"

"लई हुशार हाय माझी बाई," आजीनं तिच्या हातावर शेंगदाणे ठेवले. "खा."

"म्हणजे चालंल ना?"

"न्हाई चालायचं."

"मग नांदेडला चल," विशाखानं आपलं पहिलं भाषण काढलं. "आम्ही आता खालच्या मजल्यावर आलोय. दार उघडलं की अंगण. रात्री दार उघडं ठेवून झोप हवं तर. काही झालं तर दोन पावलांत बाहेर."

"तिथं मी दिवसभर काय करू? तुझी टीव्ही बगू?"

"काम होईपर्यंत तरी चल गं!"

"आन काम झाल्यावर? तवा हितं खांब उभे राहतेल. माझी बाज काय खांबाला टांगतो का विनोद?"

विनोदचा पारा चढला. "माय, मी काय हौस म्हून लिफ्ट आणून रायलो का? मला रात्री कूस बदलता येईना गेलीय. धंदा बंद झाला तर खायाचं काय?"

"मी कवा म्हणले आणू नको? आण की. चांगली दोन आण."

"मग ऊठ की!"

"उठत न्हाई."

विनोदनं कपाळावर हात मारला. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही अजून धडधाकट होतं.

एवढ्यात विनोदची बायको सिंधु चहा घेऊन आली. कालपर्यंत फोनवर हीच विशाखाला सांगत होती, ताई, तुम्ही आल्याशिवाय मायचं काही खरं नाही. आणि आता तिनं पहिला कप सासूच्या हातात दिला, बाजेच्या पायथ्याशी फतकल मारली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "एवढं बी काय वरडायचं ते? म्हाताऱ्या माणसाला धरून वढून काढणार हाव का?"

"तू कोणाच्या बाजूनं हाईस?" विनोद थक्क झाला.

"मी कामून बाजू घेऊ? पर पहाटंचा चहा आमी दोघी हितंच घेतो. लग्न होऊन आले तवापासनं. सासर सासर म्हणतेत ना, मला हितं ह्या बाजेवर बसल्यावर ते आपलं वाटलं." आणि ती एकदम कपात बघायला लागली.

विशाखाला हे नवीनच होतं. ह्या घरात आपल्याला माहीत नसलेलं काही आहे, ही गोष्ट लेकीला जरा टोचतेच. तिनं चहाचा घोट घेतला आणि भाषण क्रमांक दोन गिळून टाकलं.

आदिनाथ मिस्त्री मघापासून भिंतीशी ब्रेकर मशीन घेऊन ताटकळला होता. "विनोदभाऊ, निदान कोपरा तरी उकरून बगू द्या. खाली किती जाड हाय ते कळंल. मावशीच्या बाजंपासनं लांब."

"उकर," विनोद म्हणाला. "तेवढं तरी होऊ दे."

"करा बाबांनो, काय करायचं ते करा," माय म्हणाली. "माझी निजायची वेळ झाली."

आणि तिनं निजायची तयारी केली, म्हणजे कशी? उशाशी जमिनीवर एक स्टीलचं ताट ठेवलं. ताटात पेला उलटा ठेवला. पेल्याच्या बुडावर बाबांचा जुना पाना आडवा ठेवला, हात हलकेच काढून घेतला, तो डुलतो का ते बघितलं आणि मग आडवी झाली. विनोद, विशाखा कुणीच त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. सूर्य उगवतो त्याच्याकडं कोण लक्ष देतं? भूकंपानंतरच्या दिवसांत लातुरात ज्यानं त्यानं आपापली घंटा करून ठेवली होती, ही बाबांची. जमीन हलली की पाना पडणार, ताट वाजणार, आणि सगळ्यांनी उठून बाहेर पळायचं. बाबांनी पोरांना तसं करून करून शिकवलं होतं. काही उचलायचं नाही, चपला शोधायच्या नाहीत, नुसतं पळायचं. ग्यानोबांना जाऊन आता बरेच उन्हाळे उलटले, पण डोळा लागायच्या आधी ताट-पेला मांडल्याशिवाय माय कधी आडवी झाली नाही.

मिस्त्रीनं ब्रेकर फरशीला लावला आणि बटण दाबलं. धडधड सुरू झाली, पायाखालची जमीन थरथरली.

ठण्ण!

पाना ताटात पडला, पेला गडगडत गेला.

पुढचं विशाखाला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रस्त्यावर उभी होती, अनवाणी, हातातला कप कुठंतरी फेकलेला. शेजारी सिंधु, तिचा पदर सुटलेला. मिस्त्री तर मशीन टाकून पार समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर. आणि ह्या सगळ्यांच्या पुढं, विजेच्या खांबाला धरून धापा टाकत उभा होता तो कंबर गेलेला विनोद!

दुकानदार बाहेर आला. "काय झालं हो?"

कुणाला काय सांगायचं? सिंधुनं सुटलेला पदर सावरला.

गॅरेजच्या दारात लुंबिनी आली. तिचा जन्मच भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी झालेला. "अहो पप्पा, पळालात कशाला? ग्लास पडला नुसता!" आणि तिच्या मागून हसू ऐकू आलं. बारीक सुरू झालेलं, मग खदखदून. बाजेवर आडवी पडलेली माय पोट धरून हसत होती. चष्मा काढून डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती.

सगळे खाली मान घालून आत आले. विनोदनं कंबरेवर हात ठेवला. आत्ता कुठं ती दुखायला लागली होती.

"पळाले की रे सगळे!" माय म्हणाली. "आन मला म्हणता, म्हातारी भेते. साऱ्या मुलखाला सांगत फिरता, मायला स्लॅबचं भ्याव हाय. मी उठले का जागची? बोल की विशाखा, उठले का?"

विशाखा बघतच राहिली. खरंच की. जिच्या भीतीपायी गच्ची, नांदेड, उघडी दारं असे सतरा उपाय काढले, ती जागची हलली नव्हती. भीती सगळी ह्यांच्याच पायांत शिल्लक होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"मग माय," तिनं विचारलं, "भीती नाही, तर तू इथं का निजतेस?"

मायचं हसू ओसरलं. तिनं पेला उचलला, पदरानं पुसला.

"तुमचा बाप दाळीचा ट्रक चालवायचा. हैद्राबाद, नागपूर, कुठं कुठं. लग्न झाल्यापासनं ते रातचे घरी कवा निजले? महिन्यातून एखांद-दोनदा. तुमी पोरं त्येंच्या खांद्याला डोकं लावून कवा निजलाव? ठाऊक बी न्हाई तुमाला. मग भूकंप झाला. ट्रकवर किल्लारीकडं धान्य, कांबळी न्यायचं काम लागलं. सकाळी जायचे आन दिवस मावळायला घरी यायचे. रोज. थंडी सरंपर्यंत रोज घरी, विशाखा."

विशाखाला ते दिवस आठवले, आणि आठवले म्हणण्यापेक्षा ते अंगावरच आले. ह्याच फरशीवर टाकलेली ताडपत्री, तिच्यावर वाटपात आलेली काळी कांबळी, त्यांना येणारा तो रॉकेलसारखा वास. दाराशी बाबा, मग दादा, मग ती, आणि पलीकडं भिंतीशी माय. बाबा संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांच्या केसांत पांढरी माती असायची. तिकडं काय बघितलं ते एका शब्दानं सांगायचे नाहीत. हातपाय धुऊन भाकरी खायचे, आणि निजायच्या आधी रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावायचे. दादाच्या, तिच्या, मायच्या. मगच पेल्यावर पाना ठेवायचे. धम्मचक्र दिनाला इथंच मेणबत्त्या लावून वंदना म्हटली होती, आणि बाबांचा आवाज मधेच अडकला होता. तिला वाटलं होतं, बाबांना सर्दी झालीय.

"लोकं म्हणत, दिवस फिरले," माय बोलत होती. "तिकडं घरंच्या घरं मातीखाली गेली. मी काय म्हणू लोकायला? की मायबाप हो, माझे तर हे लई सुखाचे दिवस हायत? जिभंला हाड न्हाई म्हून काय काहीबी बोलावं का माणसानं? गप बसले. थंडी सरली, ते परत लाइनवर गेले. तुमी पोरं आत पळाला. मी म्हणले, मी राहते हितंच. रातचा ट्रक वाजला रस्त्यावर, की आधी मला ऐकू यावा. आन आता ते न्हाईत तर... हितं निजलं की रांग हाय असं वाटतं मला. एवढंच हाय बग. भ्याव न्हाई आन काय न्हाई."

मिस्त्री उगाच मशीनची वायर गुंडाळत बसला. विनोद हळूहळू, बाजेची कड धरून, खाली बसला. "माय, हे आधी कामून सांगितलं न्हाईस गं?"

"तू कवा इचारलंस? तुमी तर ठरवून मोकळे."

"पण माय, नांदेडला आलीस तर मी असतेच की तुझ्याजवळ," विशाखाचा आवाज आता कुठल्याच भाषणातला नव्हता.

मायनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. "मी तुझ्याकडं राहत न्हाई, हे तू साऱ्यायला सांगती. तू हितं कवा राहिलीस गं?"

विशाखा यायची, नियमानं यायची. सकाळच्या बसनं यायची, फळं आणायची, औषधं बघायची, आणि संध्याकाळची बस धरायची. कधी लेकरांची परीक्षा, कधी शाळेची तपासणी. बाबा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलासुद्धा संध्याकाळीच निघाली होती. मायनं कधी थांब म्हटलं नाही. पिशवीत शेंगा बांधून द्यायची, बस.

तिला रडू आलं. पदर लावायचं तिनं बसमध्ये ठरवलं होतं, पण आता पदर हाताला लागेना.

"मिस्त्री," नाक ओढत ती म्हणाली, "आज राहू द्या. उद्या या."

"उद्या तरी फोडायचं का न्हाई, ताई?"

उत्तर मायनं दिलं. "फोडायचं. माझ्या लेकाची कंबर हाय ती. उजाडायला ये."

विशाखानं नवऱ्याला फोन केला, आज येत नाही म्हणून. पलीकडून "का? काय झालं?" आलं, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

दिवे लागायच्या वेळेला लुंबिनीनं आणि सिंधुनं बाज कडेला सारून फरशी झाडली. खडूचे चौकोन तसेच ठेवले. माळ्यावरून बाबांची ताडपत्री निघाली. उंदरांनी कोपरा खाल्ला होता, पण बाकी शाबूत होती. तिच्यावर गाद्या पडल्या. त्या रात्री पिठलं-भाकरी तिथंच बसून झाली. मिरचीचा ठेचा लुंबिनीला झोंबला तेव्हा माय म्हणाली, "तुझा आजा ह्याच्यापेक्षा तिखट होता."

मग कुणी कुठं निजायचं ह्याच्यावरनं वाद झाला, कारण त्या घरात वादाशिवाय काही होत नसे. "मी मधे होते," विशाखा म्हणाली. "मधे मी होतो, तू भिंतीला होतीस," विनोद म्हणाला. "भिंतीला मी होते," मायनं निकाल दिला. "मधे विशाखा. तिच्या पल्याड विनोद. आन दाराशी हे."

दाराशी जागा रिकामी राहिली. सगळ्यांची नजर तिकडं गेली.

"तू जा दाराशी," माय विनोदला म्हणाली. "आता तूच हाईस."

विनोद दाराशी गेला. आधी गुडघा टेकला, मग हात, मग कण्हत कण्हत आडवा झाला. ह्या फरशीवर तो आयुष्यभर पाठीवर पडला होता, पण वर कुणाची ना कुणाची गाडी असायची. आज वर नुसता पत्रा होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, एवढा आडवा झालेला माणूस पुन्हा कण्हत उठला, गुडघ्यांवर सरकत रांगेच्या टोकापर्यंत गेला, आणि लेकीच्या, बहिणीच्या, मायच्या डोक्याला हात लावून परत आला. मायनं डोळे मिटून घेतले होते. ताटात पेला उलटा घालून त्यानं पाना ठेवला.

"डुलतोय का बग," माय म्हणाली.

"न्हाई डुलत."

सिंधु सगळ्यांत शेवटी आली, चुलीवरचं दूध उतरवून, दिवा घालवून. अंधारात गादी चाचपत येताना तिचा पाय ताटाला लागला.

ठण्ण!

विशाखाचे पाय पळायला निघाले, टाचा आपोआप जमिनीला लागल्या. पण एका बाजूला मायचा खांदा होता, दुसऱ्या बाजूला लुंबिनीचा श्वास. दाराशी दादाची आकृती होती. विशाखा हलली नाही. पेला गडगडत जाऊन भिंतीला थांबला.

कुणीच उठलं नाही.

"पडू दे," माय अंधारात म्हणाली. "उद्या आदिनाथ यायच्या आत माझी बाज उचला. आतल्या खोलीत टाका, खिडकीपाशी."

मग जरा वेळानं, आवाजात झोप उतरल्यावर, "आन विशाखा, ताट-पेला घासून मांडणीत ठेव गं. पाना विनोदला दे, त्याला कामाला यील."